तीर्थाबरोबरची गोळी

आमचे आप्पा उपोषणाला बसले तेव्हा अर्ध्या उदगीरने पैजा लावल्या होत्या, की संध्याकाळच्या भज्यांचा वास आला की हा माणूस मांडवातून उठणार. मी त्यांची सख्खी लेक, पण खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटलं होतं. चन्नबसप्पा आडतवाले म्हणजे खाण्यात पट्टीचा माणूस. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, भांडायला आलेल्याला आधी पोटभर जेवू घालायचे आणि मग त्याच्याशी भांडायचे. पण त्यांचा हट्ट त्यांच्या भुकेपेक्षा मोठा निघाला आणि शेवटी जिवावर बेतला.

मागणी जुनीच होती. उदगीर जिल्हा झाला पाहिजे. लातूर उस्मानाबादेतून वेगळा निघाला तेव्हा आप्पा तरुण होते. लातूरच्या मिरवणुकीत जाऊन गुलाल खेळून आले होते आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की पुढचा नंबर आपला. नंबर काही लागला नाही. मग तो उन्हाळा आला, ज्यात लातूरला आगगाडीने पाणी आणावं लागलं. उदगीरलाही स्टेशन आहे, रूळ आहेत, पण पाण्याची गाडी आमच्याकडे वळली नाही. आमच्या गल्लीतली कस्तुराबाई टँकरच्या रांगेत घागर धरून उभी असताना ऊन लागून पडली, ती उठलीच नाही. तिच्या मातीला जाऊन आल्यावर आप्पा दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "जिल्हा असतो तर आपल्या दारातबी गाडी आली असती. आता म्या बसतो."

तहसील कचेरीसमोर मांडव पडला. आप्पांनी अन्न सोडलं. एवढ्यावर थांबले असते तर ते आप्पा कसले? पहिल्याच दिवशी माइक हातात घेऊन त्यांनी जाहीर केलं, "गावाला पाणी न्हाई तर मला कशाला? दिवसाला एक तांब्या. त्याच्यावर एक थेंब घेणार न्हाई." टाळ्यांचा कडकडाट झाला. कृती समितीचा सेक्रेटरी बसवंत, जो एरवी फोटो स्टुडिओ चालवतो, त्याने तांब्या हातात धरलेल्या आप्पांचा फोटो काढून भला मोठा फलक लावला. वर कापडी मांडव, खाली तापलेली जमीन, चाळिशीच्या वर गेलेलं ऊन, आणि मध्ये पासष्टी ओलांडलेला माणूस. टाळ्या वाजवणाऱ्यांचा मला इतका राग आला की तिथून उठून गेले. घरी जाऊन मात्र नवऱ्याला तो फोटो मोठ्या ऐटीत दाखवला. माणसाचं असंच असतं.

आता गोळीचं सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी आप्पांचं तोंड एका बाजूला वाकडं झालं होतं. ब्लडप्रेशर. लातूरला वेळेवर नेलं म्हणून वाचले. तिथल्या डॉक्टरांनी रोज सकाळची एक गोळी लिहून दिली आणि अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, बजावलं, "शांताबाई, जेवण चुकलं तर चालेल, पण गोळी चुकता कामा नये." अव्वाने ते कानात तेल घालून ऐकलं. आप्पा विसरले असतील, ती एकदाही विसरली नाही. लग्नकार्यात, मयतीत, प्रवासात, सकाळ झाली की पदराची गाठ सुटायची आणि गोळी आप्पांच्या तळहातावर यायची.

मग उपोषणात गोळी चालते का? हे अव्वाने डॉक्टरांना विचारायला हवं होतं. तिने मठातल्या स्वामींना विचारलं. आम्हा लिंगायतांत रोज सकाळी गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर घेतात, पूजा करतात, त्यावर पाणी घालतात आणि ते तीर्थ घेतल्याशिवाय तोंडात काही घालत नाहीत. स्वामी म्हणाले, तीर्थ म्हणजे खाणं नव्हे, तीर्थाबरोबर औषध गेलं तर उपास मोडत नाही. धर्माच्या हिशेबाने त्यांचं उत्तर अगदी बरोबर होतं. प्रश्नच चुकीच्या दारात गेला होता.

तर रोज सकाळी अव्वा मांडवामागच्या चादरीच्या आडोशाला जायची, आप्पा पूजा करायचे आणि तीर्थाच्या घोटाबरोबर गोळी गिळायचे. ही गोष्ट घरातल्या माणसांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हती, कारण आप्पांना भीती की विरोधक म्हणतील, बघा, चोरून खातोय. तपासणीला सरकारी डॉक्टर यायचे. "काही औषधं चालू आहेत का?" असं विचारलं की आप्पा छातीवरच्या लिंगाला हात लावून म्हणायचे, "हेच आपलं औषध." लघवी तपासायला मागितली तर म्हणायचे, "उपाशी माणसाला कसली लघवी?" लोक हसायचे. डॉक्टरांच्या हातात उरायचा तो दंडाला बांधायचा पट्टा. तो आकडा मात्र रोज सुंदर यायचा. एकशे वीस, मग एकशे दहा, मग शंभर. बसवंत माइकवरून ओरडायचा, "आप्पांचं बीपी पोरासारखं! उपोषणानं माणूस तरणा होऊन राहिला!" अव्वा पदर सावरत माझ्याकडे बघायची. तिच्या डोळ्यांत लिहिलेलं असायचं, गोळीचा गुण.

मंत्री येणार असं कळलं त्या दिवशी सकाळी मी मांडवात गेले होते. आप्पा लोडाला टेकून पडले होते. ओठांवर पापुद्रे, डोळे आत गेलेले. मी पाय चेपायला बसले तर म्हणाले, "पायात शिसं भरल्यासारखं झालंय बघ. उचलत न्हाईत."

"आप्पा, पुरे झालं. आता थोडं जास्त पाणी तरी घ्या."

"साकु, दानम्मा," ते म्हणाले. बास म्हणायचं असलं की त्यांच्या तोंडी घरातली कानडी यायची. "दुपारी मंत्री येऊन राहिला. त्याच्या हातानं सोडतो की. गावाची मान खाली घालायची का?"

बसवंत बाजूलाच होता. त्याने खास जालन्याहून मोसंब्या मागवल्या होत्या. रस काढायचं यंत्र, पांढरा टेबलक्लॉथ, काचेचा पेला, सगळं तयार. "ताई, काळजी करू नका. दोन-चार तासांचा खेळ हाय," तो म्हणाला. त्याला वाईट म्हणवत नाही. गावासाठी तोही रात्रंदिवस राबत होता. पण त्याचं लक्ष आप्पांच्या डोळ्यांपेक्षा कॅमेऱ्याच्या जागेकडे जास्त होतं.

मी शिकवते त्या शाळेत जायला निघाले तर वाटेतच दिलशादचा फोन आला. दिलशाद माझी लहानपणची वर्गमैत्रीण. फार्मसी शिकून आली आणि वडिलांचं मेडिकल आता तीच चालवते. "दानू, दुकानात ये. आत्ता. काकू इथंच हायेत."

गेले तर अव्वा स्टुलावर बसलेली. आप्पांच्या गोळीची पट्टी संपली म्हणून नवी घ्यायला आली होती. दिलशादच्या हातात ती रिकामी पट्टी होती आणि चेहरा उतरलेला.

"काका मांडवात बसून ही गोळी घेऊन राहिले?" तिने मला विचारलं.

"हाव," उत्तर अव्वानेच दिलं, मोठ्या अभिमानाने. "एक दिवस चुकू दिली न्हाई म्या."

"आन् पाणी तेवढंच? एक तांब्या?"

"त्यातलंबी उरवत्यात. शेजारी बसलेल्याला देत्यात."

"दुसरी कुठली गोळी?"

"कंबर धरली म्हणून बसवंतानं दिली ती. दुखणं थांबायची. सकाळ-संध्याकाळ."

दिलशादने कपाळाला हात लावला. मग जरा वाकून, हळू आवाजात तिने विचारलं, "काकू, काका लघवीला कधी गेले होते?"

अव्वाचा चेहरा लाल झाला. "काय बाई हे विचारणं! परवापासनं न्हाई गेले. बरंच हाय की. मांडवामागं पाणी कुठं हाय ओतायला?"

दिलशादने काढून ठेवलेली नवी पट्टी पुन्हा कपाटात टाकली.

"सांग ना," मी म्हटलं.

"कसं सांगू? हे बघ दानू, विहिरीचं पाणी खाली गेलं की माणूस दोर वाढवतो ना? शरीरबी तेच करतं. पाणी आटलं की किडनी इशारा देते. त्यानं अंगात एक हार्मोन तयार होतं. ते नसा आवळून धरतं. मीठ-पाणी बाहेर जाऊ देत न्हाई, बीपी पडू देत न्हाई. ही गोळी त्याच हार्मोनला अडवते. एरवी तेच पाहिजे असतं, म्हणून तर बीपी उतरतं. पण आता काकांच्या अंगात पाणीच न्हाई. शरीर दोर वाढवायला बघून राहिलं आन् गोळी त्याचा हात धरून बसली. वरून हिच्यात लघवी जास्त करायचं औषधबी हाय. आन् ती कंबरेची गोळी किडनीचं उरलंसुरलं रक्त तोडते."

"पण बीपी तर चांगलं आहे! रोज तपासतात!"

"काकांचं नेहमीचं किती असतं?"

"गोळी घेऊन एकशे चाळीस."

"आन् आज?"

"नव्वद," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणताच मला कळलं. आम्ही ज्या आकड्यावर टाळ्या पिटत होतो, तो आप्पांचा जीव उतरत चालल्याचा आकडा होता.

दिलशाद म्हणाली, "माझं चुकतबी असंल. डॉक्टरला विचार." लातूरच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी दोन-तीनच प्रश्न विचारले आणि आवाज चढवला. "किडन्या बंद पडल्या असणार. गोळी आजपासून बंद, ती पेनकिलरही बंद. पाय जड वाटतायत म्हणता ना? रक्तात पोटॅशियम साचलंय, त्याला बाहेर जायला वाट नाही. ते वाढलं की हृदय अचानक थांबतं. त्यांना आत्ता दवाखान्यात हलवा. आणि नीट ऐका, शहाळं, मोसंबी, कसलाही फळाचा रस त्यांच्या तोंडाला लावू नका. त्यात पोटॅशियमच असतं. आधीच काठावर आहेत ते."

त्याच वेळी दुकानासमोरून सायरन वाजवत गाड्यांची रांग गेली. दुपारी येणारा मंत्री दोन-तीन तास आधीच आला होता. मंत्री वेळेवर येत नाहीत हे ऐकलं होतं, पण वेळेआधी आलेला हा पहिलाच.

मी बसवंतला फोन लावला. त्याने उचलला नाही. पुन्हा लावला. मग मी चप्पल तिथेच टाकून धावत सुटले. दिलशाद मागे, अव्वा तिच्याही मागे. मोंढ्यातून तहसीलकडे जाणारा रस्ता गच्च भरलेला. आयुष्यभर ज्या रस्त्याने चालले, तो मला पार करता येईना. लोक मला ओळखत होते, आणि ओळखत होते म्हणूनच थांबवत होते. "ताई, अभिनंदन! आप्पांनी करून दाखवलं!" कुणी हात धरला, कुणी कपाळाला गुलाल लावला. मी लोकांना ढकलत होते. ते समजत होते की लेक आनंदाने वेडी झाली.

मांडवाच्या तोंडाशी पोलीस. "ताई, आत जागा नाही." मी म्हटलं, "मी त्यांची मुलगी आहे." तो म्हणाला, "सगळेच तसं म्हणून राहिले." खरंच, त्या दिवशी आप्पा सगळ्या गावाचे बाप झाले होते. शेवटी दिलशादने त्याला धरून असं काही फैलावर घेतलं की त्याने दोरी वर केली.

व्यासपीठावर मंत्री वाकून आप्पांशी बोलत होते. नव्या जिल्ह्यासाठी समिती नेमू, असं काहीतरी माइकवर ऐकू आलं. समिती! त्या एका शब्दावर लोकांनी फटाके वाजवले. बसवंतने ट्रेमधून पेला उचलून मंत्र्यांच्या हातात दिला. काठोकाठ भरलेला मोसंबीचा रस. मंत्र्यांनी तो आप्पांच्या ओठांकडे नेला आणि फोटोवाल्यांनी "थोडं इकडे, साहेब" म्हटलं म्हणून हात तसाच धरून हसत थांबले. त्या फोटोवाल्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

"आप्पा, पिऊ नका!" मी ओरडले. फटाक्यांत कोण ऐकतंय? व्यासपीठाला पायऱ्या दुसऱ्या बाजूला होत्या. मी पुढूनच, गुडघा टेकवून, साडी सावरत वर चढले. आप्पांचे ओठ पेल्याला लागले होते. मी सगळ्या ताकदीने हात मारला. पेला उडाला, रस मंत्र्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर आणि आप्पांच्या छातीवर सांडला आणि काच खाली फुटली.

मांडव एकदम चिडीचूप झाला. जिथे माणसं घोटभर पाण्यासाठी वणवण करत होती, तिथे मी भरला पेला मातीत घातला होता. मागून कुणीतरी ओरडलं, "विकली गेली काय?" दुसऱ्याने शिवी हासडली.

"दानम्मा!" आप्पा म्हणाले. इतका राग मी त्यांच्या डोळ्यांत कधी पाहिला नव्हता. "गावाच्या समोर माझी इज्जत घालवलीस?" मला मारायला म्हणून ते उठले. म्हणजे उठायला गेले. पाय त्यांच्या खाली नव्हतेच. लोडावरून घसरून ते कुशीवर पडले आणि डोळे उघडे ठेवून, धापा टाकत, स्वतःच्या पायांकडे बघत राहिले.

"त्यांच्या किडन्या बंद पडल्यात," मी मंत्र्यांना म्हटलं. "हा रस विष आहे त्यांना. आमच्या डॉक्टरांशी बोला." मी फोन त्यांच्या हातात कोंबला. एरवी राजकारण्यांबद्दल माझं मत फार चांगलं नाही, पण त्या माणसाने ओल्या कपड्यांनिशी अर्धा मिनिट फोन ऐकला आणि मागे वळून म्हणाला, "ताफ्यातली ॲम्ब्युलन्स इथं लावा." बसवंत ट्रे हातात धरून तसाच उभा होता. "ताई, मला माहीत न्हवतं," एवढंच तो म्हणत राहिला. मी त्याला ओलांडून आप्पांना उचलायला गेले. बोलले असते तर नको ते बोलले असते.

गावातल्या दवाखान्यात छातीचा कागद, म्हणजे ईसीजी, काढला. तो बघून डॉक्टरांनी नर्सला हाक मारली ती धावायच्याच आवाजात. शिरेतून इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं, आणि म्हणाले, "हृदय थोडा वेळ सांभाळलंय. पण रक्त मशीनवर धुवावं लागेल. डायलिसिस. लातूरला विचारा."

लातूरला विचारलं. आमचे डॉक्टर पलीकडे कुणाशी तरी बोलले. मग म्हणाले, "इथे आणू नका. डायलिसिसला पाणी लागतं, आणि आमच्याकडची मशिनं पाण्यावाचून बंद आहेत. टँकर कधी येईल ते सांगता येत नाही. नांदेडला चला, मी तिथे बोलून ठेवतो."

नांदेडचा रस्ता संपता संपेना. जळकोट गेलं, जांब गेलं, कंधारच्या अलीकडे आप्पांच्या नाडीचे ठोके मध्येच चुकायला लागले आणि सोबतच्या डॉक्टरने ड्रायव्हरला काच ठोकून वेग वाढवायला सांगितलं. दोन्ही बाजूंना नुसती काळी, भेगाळलेली राने. मी आप्पांचा हात धरून बसले होते. मला रडू येत नव्हतं, राग येत होता. स्वामींचा, बसवंतचा, टाळ्यांचा, आणि सगळ्यात जास्त ह्या माणसाचा, ज्याला गावासाठी मरायची घाई झाली होती आणि आमच्यासाठी जगायचं सुचलं नव्हतं.

अव्वा पायाशी बसली होती. कंधार मागे पडलं. मग तिने विचारलं, "दानू, माझ्या गोळीनं झालं का गं?"

नाही म्हणता आलं असतं. पण अव्वाला खोटं कळतं. "गोळीनं, पाण्यावाचून, त्या कंबरेच्या गोळीनं. सगळं मिळून झालं. गोळी वाईट नाही अव्वा. तीच इतकी वर्षं त्यांना सांभाळत होती."

तिने पदराची गाठ सोडली. आत उद्याची गोळी होती. तिने ती बोटांत धरून बघितली. "मग आता कधी द्यायची?"

"डॉक्टर सांगतील तेव्हा."

तिने गोळी पुन्हा बांधली नाही, टाकलीही नाही. नांदेड येईपर्यंत मुठीत धरून बसली.

नांदेडलाही गोदावरीत जागोजागी वाळूच दिसत होती, पण त्या दवाखान्याची टाकी भरलेली होती. आप्पांच्या मानेत नळी घातली, मशिनला जोडायची तयारी केली. आम्हा दोघींना दोन मिनिटं आत सोडलं. इंजेक्शनं आणि सलाइन यांनी आप्पा जरा शुद्धीवर आले होते. तोंडाला कोरड होती, पण डोक्यातला आडत्या जागा होता. नळ्या जोडणाऱ्या तंत्रज्ञाला त्यांनी विचारलं, "ह्याला पाणी किती लागतं?"

"एका वेळेला सव्वाशे लिटरच्या वर, काका."

"आन् कितींदा करायचं?"

"किडनी सुरू होईपर्यंत. एक दिवसाआड तरी."

आप्पा छताकडे बघत राहिले. मनातल्या मनात घागरी मांडत असणार. मग त्यांनी मानेकडे हात नेला. "काढा हे. म्या एक तांब्यावर बसलेला माणूस. गावात लोक मरून राहिले आन् माझ्या एकल्यासाठी एवढं पाणी? काढा म्हणतो ना."

"आप्पा, हात खाली घ्या!" मी ओरडले. तंत्रज्ञाने त्यांचं मनगट धरलं. "काका, नळी निघाली तर रक्त थांबणार नाही." पण आप्पा झटापट करायला लागले. त्या मोडक्या देहात कुठून बळ आलं कोण जाणे. कागदावर सही करतो, मला घरी न्या, म्हणायला लागले. शुद्धीत असलेल्या माणसाने नको म्हटलं तर काय करायचं, असं बघत तंत्रज्ञ डॉक्टरांना बोलवायला वळला. मी हात जोडले, रागावले, पाया पडले. ते माझ्याकडे बघेनात. लेकीने भर सभेत पेला उडवला होता. आता तिचं ऐकणार नव्हते.

"चन्नबसप्पा," अव्वा म्हणाली.

मला आधी कळलंच नाही कोण बोललं. आमच्या अव्वाने आयुष्यात नवऱ्याचं नाव उच्चारलं नव्हतं. रेशनच्या दुकानात नाव विचारलं की माझ्याकडे बोट दाखवायची. लग्नात उखाणा घ्यायला लावला तेव्हा रडली होती, असं आत्या सांगायची. घरात सगळा कारभार 'अवं' वर चालायचा. आप्पांचा हात मानेशी तसाच थांबला.

"चन्नबसप्पा, कस्तुराबाईला कुणी पाणी दिलं न्हाई म्हणून ती मेली. तुला दिऊन राहिलेत तर तू नको म्हणून राहिलास. तू मेल्यावर हे पाणी काय आपल्या गल्लीत जाणार हाय? गप पडून ऱ्हा. म्या सांगते म्हणून पडून ऱ्हा."

तिचा आवाज वर गेला नव्हता. आप्पा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मानेवरचा हात काढला आणि गादीवर ठेवला.

"चालू कर बाबा," अव्वा तंत्रज्ञाला म्हणाली. त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मशिन सुरू झालं, नळ्यांतून लाल रेघ सरकायला लागली.

आप्पांनी तिच्याकडे तोंड वळवलं. "शांते," ते म्हणाले, अगदी हळू, "मला लई भ्या वाटून राहिलं गं."

अव्वाने स्टूल ओढलं आणि त्यांच्या उशाशी बसली.

"मलाबी," ती म्हणाली.